खान्देशात एवढे पाटील आले कुठून? आणि तुमचं मूळ कूळ कोणतं?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतोच. मी अमळनेर तालुक्यातला, आडनाव पाटील. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर पुतणीसाठी स्थळ बघायला पारोळ्याकडे गेलो होतो. मुलाकडचे पाटील, मुलाचे मामा पाटील, मध्यस्थ पाटील, ज्यांच्या ओट्यावर बसलो ते शेजारी पण पाटील. चहा झाला आणि मुलाच्या आजोबांनी (वय ८६, नजर अजून शाबूत) पहिलाच प्रश्न टाकला, "पाटील ते ठीक शे, पन तुम्हनं कूळ कोनतं? आम्ही निकम." मी म्हटलं, बोरसे असावं. आजोबा म्हणे, "असावं म्हंजे?"

त्या "असावं म्हंजे"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडील गेले, काका गेले, घरात सांगणारं कोणी उरलं नाही. बोरसे हे मी लहानपणी आत्याच्या तोंडून एकदा ऐकलेलं, तेवढाच आधार.

दुसरं म्हणजे आमच्या गावात तीनशे उंबरा, त्यात निम्म्याहून जास्त पाटील. गावाला पाटील तर एकच असायचा ना? मग बाकीचे कधी झाले, कोणी केले? आमच्याच दोन गल्ल्यांतल्या पाटलांचं कानबाईचं रोट एक नाही, म्हणजे ते भाऊबंद नाहीत हे नक्की. जाणकारांनी सांगा, आणि ज्यांना आपलं कूळ माहीत आहे त्यांनी कसं कळलं ते पण लिहा.

गिरणामाय
आमच्या वर्गात ४२ पोरं, २३ पाटील. सर हजेरी घेताना आडनाव वाचतच नव्हते.

खळ्यावाले
पाट म्हणजे पाण्याचा पाट. आमच्याकडे पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे आहेत, पाटाचं पाणी वाटून देणारा तो पाटील. सरळ आहे.

मोडीवेडा
@खळ्यावाले, फडाचं पाणी वाटणाऱ्याला तुमच्याच भागात पाटकरी म्हणतात, पाटील नाही. शब्द जुना आहे. माळव्यातल्या परमार राजांच्या ताम्रपटांत, म्हणजे मुंज, भोज यांच्या काळात साधारण हजार वर्षांपूर्वी, दान दिलेल्या गावच्या लोकांना उद्देशून जो मजकूर असतो त्यात 'पट्टकिल' हा शब्द येतो. गावचा प्रमुख माणूस. त्याचंच आपल्याकडे पाटील झालं आणि गुजरातेत पटेल. पुढे फारसी कागदांत त्याच माणसाला मोकदम म्हणायला लागले. जुन्या निवाड्यांत कुलकर्ण्याची लेखणी आणि पाटलाचा नांगर अशी निशाणी असते, पाटलाला लिहिता यायचंच असं नाही म्हणून नांगराचं चित्र.

म्हणजे मुळात हे आडनावच नाही, हुद्दा आहे. महादजी शिंद्यांना सगळा हिंदुस्थान पाटीलबावा म्हणायचा, पण ते शिंदेच राहिले ना. क्रांतिसिंह नाना पाटलांचं मूळ आडनाव पिसाळ. तसंच तुमचंही काहीतरी असणार बोरीकाठ, ते खाली दबलंय एवढंच.

आता एका गावात इतके पाटील कसे. वतन घराण्याचं असायचं, एका माणसाचं नाही. चार मुलगे झाले की तक्षिमा म्हणजे वाटे पडायचे, थोरली पाती, धाकटी पाती. काम एकच जण करायचा पण मान सगळ्यांचा, आणि पोळ्याला कोणाचा बैल वेशीतून आधी निघणार यावरून पिढ्यानपिढ्या भांडणं. शिवाय पाटिलकी विकता यायची, निम्मी पाटिलकी दुसऱ्या घराण्याला विकल्याची खरेदीखतं आहेत. म्हणजे एकाच गावात दोन वेगळ्या कुळांचे पाटील होण्यात नवल काही नाही. तुमच्या दोन गल्ल्यांचं रोट वेगळं आहे त्याचं कारण हे असू शकतं.

निवृत्त गुरुजी
मोडीवेडा यांनी चांगलं लिहिलंय पण ते झालं वतनदारांचं. बाकीच्यांचं मी सांगतो, कारण त्या पापात आम्हा मास्तर लोकांचा मोठा वाटा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं नोकरी केली. शाळेची जुनी जनरल रजिस्टरं बघितली तर स्वातंत्र्याआधीच्या नोंदींत कित्येक पोरांना आडनावच नाही. 'भिका वलद (म्हणजे मुलगा) उखर्डू, कुणबी, राहणार अमुक', संपलं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आडनाव लागतंय कोणाला? नंतर छापील रकाना आला आणि तो भरायलाच लागला. बाप पोराला घेऊन यायचा, मास्तर विचारायचे आडनाव काय लावू, तो म्हणायचा काही लावा गुरुजी. मास्तरांनी शेजारच्या पोराचं बघितलं, पाटील, लावून टाकलं. मी स्वतः एका रजिस्टरात दोन सख्खे भाऊ पाहिले आहेत, थोरला देवरे आणि धाकटा पाटील, मध्ये मास्तर बदलले होते एवढंच. आज त्यांची नातवंडं दोन आडनावांची आहेत आणि दाखल्याच्या वेळी दोन्ही घरांना त्रास होतो.

तेव्हा बोरीकाठ, आधी तुमच्या आजोबांची शाळा कोणती ते शोधा.

रावेरची केळी
एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, सगळ्या पाटलांना एका टोपलीत घालू नका. आम्ही लेवा. यावल, रावेर, भुसावळ, सावदा, फैजपूर हा आमचा पट्टा. आमच्यात पाटील, चौधरी, महाजन ही तिन्ही मानाची आडनावं, आणि त्याशिवाय नारखेडे, भारंबे, ढाके, झोपे, कोल्हे, फालक, नेहेते, बोंडे अशी शेकडो. आमचे जुने लोक सांगतात की आम्ही गुजरातेतून आलो, पावागड चांपानेरकडून. तिकडे लेवा पाटीदार आहेतच, ते पटेल लावतात. बहिणाबाई चौधरी आमच्याच, माहेर असोद्याचं, महाजनांचं, आणि सासर जळगावचं, चौधऱ्यांचं. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं त्यात राबलेले धनाजी नाना, ते पण चौधरी. आमच्यात शाळामास्तरांच्या कृपेने पाटील झालेले कोणी नाहीत.

निवृत्त गुरुजी
@रावेरची केळी, मी यावल तालुक्यातच सात वर्षं होतो. भाऊ, तिथली रजिस्टरं पण बघितली आहेत. रागावू नका.

रावेरची केळी
रागावलो नाही गुरुजी. एखाददुसरं झालंही असेल. पण आमच्याकडे भाट यायचे, त्यांच्या चोपड्यात पिढ्या लिहिलेल्या असायच्या, ते अंगणात बसून वाचायचे आणि घरातल्या नव्या पोरांची नावं चढवून घ्यायचे. आजीने त्यांना लुगडं आणि धान्य दिलेलं मला आठवतं. एवढं पक्कं असल्यावर मास्तर काय करणार?

तोरणमाळ
शहाद्याकडून लिहितोय. आम्ही गुजर. आमच्यात पाटील आणि चौधरी भरपूर. शहाद्याला सातपुडा साखर कारखाना उभारणारे पी. के. अण्णा पाटील आमच्यातले. घरात आम्ही गुजरी बोलतो, बाजारात अहिराणी, कचेरीत मराठी. मला वाटतं बोरीकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर पाटील या शब्दात सापडणारच नाही, कारण हाच शब्द मराठा-कुणबी लावतात, लेवा लावतात, गुजर लावतात, राजपूत लावतात, तापीकाठचे कोळी लावतात. राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या, राजपूत घराण्यातल्या. लग्न शेखावतांकडे झालं तरी माहेरचं पाटीलच लावलं त्यांनी.

एरंडोली
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाटिलकी ज्यांच्या घरात खरंच होती त्यांनी लावावं. बाकीच्यांनी मोठेपणासाठी लावलं आणि आता कोण खरा कोण खोटा हेच कळत नाही.

तापीचं पाणी
@एरंडोली, मी चोपडा तालुक्यातला कोळी, आडनाव पाटील. आमच्या गावात आमचीच वस्ती, मग गावचा पाटील काय बाहेरून येणार होता? ज्या गावात जो समाज राहिला, ज्याने जंगल तोडून गाव वसवलं, त्याचा पाटील झाला. पाटिलकी कोणा एका जातीची कधीच नव्हती. माझ्या पणजोबांच्या नावाने दस्त आहे. कोणाला खोटं म्हणण्याआधी एकदा त्यांच्या गावात जाऊन यावं ही विनंती.

एरंडोली
तुमच्याबद्दल नव्हतं बोललो. पण शब्द चुकला, मान्य. मागे घेतो.

मोडीवेडा
तापीचं पाणी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याला थोडी जोड देतो. १८०२ नंतरची होळकरांची धामधूम आणि लगेच पडलेला दुष्काळ यात खान्देशातली गावंच्या गावं ओस पडली. १८१८ ला इंग्रज आले तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज इथे आला, त्याच्यापुढचं मोठं काम म्हणजे ओसाड गावं परत वसवणं. सातबाऱ्याच्या दुनियेत अजून 'बेचिराग गाव' हा शब्द आहे तो उगाच नाही. लोक बाहेरून आले, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात सरकले, जुन्या पाटलाचं घर निर्वंश झालेलं असेल तर नवा उभा राहिला. त्यामुळे खान्देशात तुम्ही आज ज्या गावचे आहात तेच तुमचं मूळ गाव असेल असं गृहीत धरू नका. कूळ शोधताना मूळ गाव पण शोधावं लागतं.

सुरतचा खान्देशी
सरकणं अजून संपलेलं नाही. आमचे वडील १९८० च्या आसपास शिंदखेड्याहून सुरतला लूमवर आले, आज लिंबायत, उधना, डिंडोलीकडे फिरा, पाट्या पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे. सी. आर. पाटील गुजरातमध्ये एवढे मोठे नेते झाले, जन्म जळगाव जिल्ह्यातला. इथले गुजराती मित्र विचारतात तुम्ही पटेल का? मी सांगतो शब्द एकच आहे, ताट वेगळं आहे. इथे कानबाई बसवतो आम्ही दरवर्षी, तापीतच विसर्जन. नदी तीच ना, आपल्याकडूनच येते.

बेळगावी कुंदा
आमच्याकडे पण पाटील खंडीभर. लिंगायत पाटील, जैन पाटील, मराठा पाटील. कर्मवीर भाऊराव पाटील जैन. तिकडे उरण पनवेलला आगरी पाटील, दि. बा. पाटील त्यातलेच. आडनावाचा नकाशा काढायला गेलात तर सगळा महाराष्ट्र आणि अर्धा कर्नाटक रंगवावा लागेल. पण तुमचं ते कुळाचं प्रकरण आणि रोट काय असतं? कोणीतरी समजवा.

दोन्हीकडची पाटील
रोटाचं मी सांगते, कारण ते मला चांगलंच कळलंय.

माझं माहेर पाटील, सासर पाटील. लग्नानंतर आडनाव बदलायचा प्रश्नच आला नाही, मधलं नाव बदललं तरी बँकेतले म्हणत होते मॅडम यात बदल काय झालाय. पण कूळ बदललं. आणि ते खऱ्या अर्थाने समजलं कानबाईला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, अगदी पाळण्यातल्या बाळाच्या नावानेसुद्धा. ते दळायच्या आधी चक्की धुतात. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. सोमवारी नदीवर विसर्जन. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचं. आमच्याकडे फार कडक असतं, बाहेरच्या कुळाचा माणूस कितीही जवळचा असो त्याच्या ताटात पडत नाही. लग्नानंतर पहिल्या श्रावणात मी माहेरी होते. आईने सगळ्यांना वाढलं आणि मला वेगळा स्वयंपाक केला, म्हणे तू आता त्यांची. आडनाव तेच, घर तेच, माय तीच, आणि ताट वेगळं. मी मागच्या दाराला जाऊन रडले होते.

म्हणून सांगते बोरीकाठ दादा, कागद मिळो न मिळो, तुमचं रोट कोणाकोणात आहे ते विचारा. आडनावं वेगळी असून एकाच रोटात बसणारी घरं असतात, ती तुमची खरी माणसं.

गिरणामाय
ताई, हे वाचून गप्प बसलो. आमच्याकडे लेकीला चालतं पण जावयाला नाही.

खळ्यावाले
आमच्या भाऊबंदीत पाटील, देसले आणि बोरसे तिघे एका रोटात आहेत! आजवर कधी विचारच केला नव्हता. म्हणजे गुरुजी म्हणतात ते रजिस्टरच आहे हे.

चाळीसगाव फास्ट
थोडं विषयांतर. एवढे पाटील असल्यामुळेच खान्देशात माणसं आद्याक्षरांनी चालतात हे कोणाच्या लक्षात आलं का? एस. के. सर, डी. एन. आबा, व्ही. बी. बापू. आमच्या कॉलनीत तीन एस. बी. पाटील होते, मग पोस्टमनने स्वतःच सोय केली, बुलेटवाले, वकील आणि निंबवाले. निंबाचं झाड पडून वीस वर्षं झाली, ते अजून निंबवालेच आहेत.

तोरणमाळ
आमच्या गावात वाड्यावाले, मळ्यावाले, विहीरवाले. लग्नपत्रिकेत पण कंसात लिहितात, नाहीतर आहेर भलत्याच घरी जातो.

तलाठी भाऊ
महसुलात नोकरीला आहे म्हणून थोडी कामाची माहिती. वंशपरंपरागत मुलकी पाटील हे पद १९६२ च्या कायद्याने गेलं, कुलकर्णी वतनं त्याच्याही आधी १९५० च्या कायद्याने. आता जो आहे तो पोलीस पाटील, १९६७ च्या कायद्याखालचा, त्याची नेमणूक प्रांत करतात आणि तो कोणत्याही आडनावाचा, कोणत्याही जातीचा असू शकतो. आमच्या सज्जात पोलीस पाटील आडनावाने अहिरे आहेत, बाई आहेत, आणि उत्तम काम करतात.

कूळ शोधायला सरकारी कागदात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदी शोधायला अलीकडे हीच बुकं उघडली गेली. पण त्यात जात सापडते, आडनाव क्वचितच. बहुतेक ठिकाणी नुसतं नाव आणि बापाचं नाव, तेही मोडीत. पणजोबांचं नाव पक्कं माहीत असेल तरच उपयोग.

मोडीवेडा
तलाठी भाऊ बरोबर. मोडी वाचून हवं असेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले, त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी हे मंडळ उभं राहिलं. तिथे मोडीचे जाणकार भेटतील.

पण बोरीकाठ, तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. तुमचा पूर्वज यात्रेला, श्राद्धाला गेला असेल तर त्याने स्वतःचं नाव, बापाचं, भावांचं, गावाचं नाव आणि उपनाव तिथे लिहून दिलेलं असतं. प्रत्येक भागाचे उपाध्ये ठरलेले असतात. शाळामास्तराने रजिस्टरात काहीही लिहो, देवाच्या दारात माणूस आपलं खरं कूळच सांगायचा.

बोरीकाठ
मंडळी, दीड महिन्याने येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदोनदा वाचला.

आधी गुरुजींनी सांगितलं तसं शाळेत गेलो. आजोबांचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, धाकट्या आजोबांचं मिळालं, पाटील. मग कोतवाल बुक, त्यात पणजोबांचं नाव सापडलं, देवचंद वलद झिपरू, आडनाव नाही. मग गेल्या आठवड्यात मी आणि थोरला भाऊ त्र्यंबकला गेलो. अमळनेर तालुक्याचे उपाध्ये कोण हे विचारत विचारत दुपार झाली. उपाध्ये गुरुजी वयस्कर, त्यांनी लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या काढल्या, गावाचं नाव विचारलं, पानं उलटत गेले आणि एका पानावर बोट ठेवून वाचलं. देवचंद वलद झिपरू, बंधू तुकाराम, उपनाव निकम, मोकदम, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातलं बुराईकाठचं, शके १८४२. म्हणजे १९२०. खाली पणजोबांची निशाणी, नांगर.

थोरला भाऊ पंच्याहत्तरीचा आहे, तो त्या नांगरावर हात ठेवून बसून राहिला. मला पण काही बोलता आलं नाही. बोरसे आम्ही नव्हतोच, आत्याच्या सासरचं कूळ बोरसे होतं हे नंतर तिच्या मुलाने सांगितलं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलाकडचे निकम. बाहेर येऊन पारोळ्याला फोन लावला, आजोबांना मूळ गाव विचारलं. तेच बुराईकाठचं. भाऊबंद निघालो, म्हणजे लग्न होणार नाही. पुतणीला कसं सांगायचं याचं दडपण होतं, तिला मुलगा पसंत होता. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. मग तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतः आले, ८६ वर्षांचा माणूस, एसटीने, हातात लुगडं घेऊन. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "सून नई व्हयनी, नात व्हयनी." तेव्हा ती रडली आणि मग सावरली.

यंदाच्या कानबाईचं बोलावणं आहे. आमच्या घरातल्या सात पुरुषांचे गहू त्यांच्या रोटात जाणार आहेत.

दोन्हीकडची पाटील
दादा, पुतणीला माझा आशीर्वाद सांगा. तिचं चांगलं होईल. आणि यंदा रोट तिने पोटभर खावं, लग्न होईपर्यंत तिचा हक्क आहे.

रावेरची केळी
आमच्या भाटांचा चोपडा कुठे आहे ते शोधायला लागलोय. आजीने ज्यांना लुगडं दिलं त्यांची पुढची पिढी बऱ्हाणपूरकडे आहे असं कळलं.

सुरतचा खान्देशी
@बोरीकाठ, आमचं पण मूळ बुराईकाठीच म्हणतात घरात! कूळ माहीत नाही. त्र्यंबकला गेल्यावर आधी काय सांगायचं, आडनाव की गाव?

बोरीकाठ
गाव आणि तालुका. नुसतं पाटील सांगितलंत तर वह्या काढता काढता गुरुजींची संध्या व्हायची वेळ होईल. आणि पणजोबांचं नाव पाठ करून जा, शक्य झालं तर त्यांच्या भावांचं पण. गाव कोणतं तुमचं? व्यक्तिगत निरोपात कळवा, मी आजोबांना विचारतो.